हिरड्याचा अर्क एमप्रोला अडवतोय की नुसता कमावतोय?

चंचुपात्र

नमस्कार मंडळी. कोविडच्या सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या मुख्य प्रोटीएजवर, म्हणजे प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमवर (यापुढे एमप्रो) बाळहिरड्याच्या अर्काची चाचणी चालू आहे. निकाल जरा जास्तच चांगले आलेत, म्हणून पुढे जाण्याआधी इथे विचारतोय.

अर्क: बाळहिरडा दळून ४० नंबरच्या चाळणीतून काढला. १० ग्रॅम पूड, ७०% ॲसिटोन १०० मिली, खोलीच्या तापमानाला रात्रभर शेकरवर. गाळून ४० अंशांच्या आत ॲसिटोन उडवलं, उरलेलं पाणी लायोफिलायझरवर काढलं. डीएमएसओमध्ये १० मिग्रॅ/मिली साठा केला.

चाचणी: डॅबसिल-एडान्स पेप्टाइड (एमप्रोने कापलं की चमकतं) २० मायक्रोमोलर, एमप्रो २०० नॅनोमोलर. बफर २० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.३, मीठ १०० मिलिमोलर, ईडीटीए १, डीटीटी १ मिलिमोलर. डीएमएसओ शेवटी १%. अर्क आणि एन्झाइम ३० मिनिटं एकत्र, मग पेप्टाइड. उद्दीपन ३६०, उत्सर्जन ४६० नॅनोमीटर.

निकाल: १०० मायक्रोग्रॅम/मिलीला ९४% रोध. आयसी५० (निम्मा रोध करणारी मात्रा) साधारण ६ मायक्रोग्रॅम/मिली, मात्रा-रोध वक्राचा हिल उतार (वक्र किती तीव्र चढतो ते) २.६. डॉकिंगमध्ये, म्हणजे संगणकावर रेणू खाचेत बसवून (रचना ६एलयू७, प्रोग्राम व्हिना), हिरड्यातल्या चेब्युलॅजिक आम्लाला −९.६ किलोकॅलरी.

चेब्युलॅजिक आम्ल आणि डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन हे एमप्रोचे रोधक असल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्धही झालंय, आयसी५० एक-अंकी मायक्रोमोलर. म्हणजे आमचा निकाल त्याच्याशी जुळतो. आता थेट स्यूडोव्हायरसवर (नकली विषाणूवर) जावं का? आमच्याकडे तीच सोय आहे.

---

विकरवाला

थांबा. स्यूडोव्हायरसचं नंतर बघू, आधी तुमचे स्वतःचेच आकडे एकमेकांशेजारी ठेवा.

एमप्रोच्या एका साखळीचं वजन ३३.८ किलोडाल्टन. २०० नॅनोमोलर म्हणजे मिलीला सुमारे ६.८ मायक्रोग्रॅम. तुमचा आयसी५० मिलीला ६ मायक्रोग्रॅम. म्हणजे जितकं प्रथिन, जवळजवळ तितक्याच वजनाचा अर्क टाकल्यावर निम्मं काम बंद पडतंय. शिवाय हिल उतार २.६. एका खाचेत एक रेणू बसत असेल तर उतार १ च्या आसपास यायला हवा. ही दोन्ही लक्षणं एकत्र आली की पहिला संशय साक्याचा: रेणूंचे पुंजके होतात, एन्झाइम त्यांना चिकटतं किंवा टॅनिनबरोबर (हिरड्यातलं तुरट द्रव्य) खाली बसतं.

बाजारात हिरड्याच्या एका प्रकाराला चांभारी हिरडा का म्हणतात, हे आठवा. कातडी कमावायला तो लागतो. कातड्यातल्या कोलॅजेनला टॅनिन पकडतं, घट्ट करतं. एमप्रोही प्रथिनच आहे. तुमच्या प्लेटमध्ये एन्झाइमचा रोध होतोय की ते कमावलं जातंय, हा इथला खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चार-पाच स्वस्त प्रयोगांत मिळतं.

पहिला प्रयोग: बफरमध्ये ०.०१% ट्रायटन एक्स-१०० (पुंजके मोडणारं साबणासारखं द्रव्य) घालून पूर्ण वक्र पुन्हा काढा. आयसी५० तिप्पट-चौपट किंवा त्याहून वर सरकला, तर आधीचा बराचसा रोध पुंजक्यांचा होता. ट्रायटन ताजं घ्या. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड तयार झालेलं असतं आणि ते एमप्रोच्या क्रियास्थानातल्या सिस्टीन १४५ ची वाट लावतं. मग नियंत्रकातलंही एन्झाइम मेलेलं दिसेल आणि तुम्ही ट्रायटनला दोष द्याल.

दुसरा: बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) ०.१ मिग्रॅ/मिली घालून तोच वक्र. खरा, खाचेत बसणारा रोधक अर्कात असेल तर फरक थोडा पडेल. जे दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं टॅनिन असेल तर ते बीएसएवरच खर्ची पडेल आणि रोध नाहीसा होईल.

तिसरा: एन्झाइम ५० नॅनोमोलरवर आणा. एक-अंकी मायक्रोमोलरचा उलटवता येणारा रोधक असेल तर आयसी५० जागेवर राहतो. एन्झाइम चौथाई केल्यावर आयसी५० पण चौथाईच्या दिशेने घसरला, तर ते सरळसरळ वजनाला वजन चाललंय. (अतिघट्ट बसणाऱ्या रोधकातही असं होतं, पण ते नॅनोमोलरवाल्यांचं दुखणं. एन्झाइमच्या निम्म्यापेक्षा कमी आयसी५० मोजताच येत नाही. म्हणून २०० नॅनोमोलरला निरमॅट्रेल्विर (एमप्रोवरचं औषध) आणि तुमचा अर्क यांची तुलना करू नका.)

चौथा: डोळ्यांनी बघा. एमप्रो १ मायक्रोमोलर म्हणजे मिलीला ३४ मायक्रोग्रॅम घ्या, अर्कही त्याच प्रमाणात वाढवा, ३० मिनिटांनी १४,००० आरपीएमला २० मिनिटं फिरवा. वरचं पाणी आणि खालचा गाळ १२% एसडीएस जेलवर (प्रथिनं वजनानुसार वेगळी होतात) शेजारी शेजारी चालवा. ३४ किलोडाल्टनची पट्टी गाळात दिसली की विषय संपला. याहून स्वस्त हवं असेल तर १०% मिठाच्या पाण्यातलं १% जिलेटीन घ्या आणि अर्काचे दोन थेंब टाका. पांढरं फुटलं तर कमावणं चालू आहे, निदान जिलेटीनचं तरी.

पाचवा: पपेन आणि कायमोट्रिप्सिन. दोन्ही प्रोटीएजच, स्वस्त, दोघांचे सबस्ट्रेट (कापायचे रेणू) सहज मिळतात. अर्क त्याच मात्रेत तिघांनाही बंद पाडत असेल तर 'एमप्रोचा रोधक' हे नाव देता येणार नाही.

डॉकिंगबद्दल थोडक्यात. व्हिनाची स्वतःची प्रमाण-चूकच २.८५ किलोकॅलरी आहे. चेब्युलॅजिक आम्ल ९५५ डाल्टनचं, हायड्रोजन सोडून ६८ अणू. −९.६ भागिले ६८ म्हणजे अणूमागे ०.१४. औषधाच्या दृष्टीने ०.३ च्या आसपास असलेलं बघतात. एवढा मोठा रेणू कुठेही टेकवला तरी आकडा मोठाच येतो. शिवाय त्यातलं मोठं एस्टर-वलय व्हिना नेहमीच्या मांडणीत वाकवत नाही, जसं दिलं तसंच ठेवतं.

---

दुर्बीण

विकरवाला यांच्या यादीला दोन पुरवण्या आणि एक छोटी दुरुस्ती.

प्रकाशाचं आधी. हिरड्यातलं एलॅजिक आम्ल ३६५ नॅनोमीटरच्या आसपास जोरात शोषतं आणि तुम्ही उद्दीपन ३६० ला देताय. अर्क प्रकाशच खातोय, एन्झाइमपर्यंत जायची गरजच नाही. तपासणी अशी: पेप्टाइड आणि एन्झाइम अर्काशिवाय दोन तास चालू द्या, वक्र सपाट होईपर्यंत. मग त्या संपूर्ण कापलेल्या मिश्रणात अर्काच्या सगळ्या मात्रा टाका आणि लगेच वाचा. १०० मायक्रोग्रॅमला प्रकाश ४०% पर्यंत घसरला, तर तुमच्या ९४ पैकी बराचसा रोध रंगाचा आहे. प्रत्येक मात्रेचा हा गुणक काढून वेगांना भागा. गुणक ०.८ च्या खाली गेला की ती मात्रा सोडून द्या, दुरुस्त करत बसू नका. क्वेर्सेटिन, कर्क्युमिन, बर्बेरिन, कुठल्याही पिवळ्या वनस्पतिद्रव्याला हे लागू आहे.

यातून पूर्ण सुटका हवी असेल तर पेप्टाइडचे तुकडे एचपीएलसीवर मोजा. दिवसाला नमुने कमी होतात, पण रंगाची कटकट संपते.

आता रेडॉक्स. हिरड्यात पायरोगॅलॉल गट भरपूर. हवेत, तटस्थ पीएचला ते आपोआप ऑक्सिडाइझ होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, सिस्टीन १४५ जळतो. यावर उपाय म्हणून लोक डीटीटी (सिस्टीनला ऑक्सिडेशनपासून जपणारं द्रव्य) वाढवतात, कारण एब्सेलेन, डायसल्फिराम, शिकोनिन हे एमप्रोचे गाजलेले 'रोधक' डीटीटी टाकल्यावर फुसके निघाले होते. शिकोनिन वनस्पतीतलंच. ते बरोबरच आहे, पण अर्धं. काही क्विनोन डीटीटीच्या जोरावरच फिरत राहतात आणि उलट जास्त पेरॉक्साइड तयार करतात. डीटीटीसारख्याच टीसीईपीचंही तेच. म्हणून तीन रांगा लावा: डीटीटी ४ मिलिमोलर, ग्लुटाथायोन किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, आणि डीटीटी अधिक कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) १०० युनिट/मिली. तिन्हींत आयसी५० जवळपास सारखा आला तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे. कॅटलेजने रोध गेला तर तुम्ही पेरॉक्साइडची चाचणी करत होतात.

दुरुस्ती एवढीच, की बीएसएने रोध गेला म्हणून रेणू खोटा ठरत नाही. काही चांगली औषधंही अल्ब्युमिनला चिकटतात. पाचही प्रयोग एकत्र वाचायचे. तसंच पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) टॅनिन काढून बघा असं कुणी सुचवलं तर करा जरूर (मिलीला ५०–१०० मिग्रॅ, ४ अंशांना अर्धा तास, फिरवून वरचं घ्या), पण निष्कर्ष जपून काढा. इथे क्रियाशील द्रव्यच टॅनिन आहे असं तुमचं म्हणणं आहे. पीव्हीपीपीने क्रिया गेली तर 'क्रिया टॅनिनची होती' एवढंच कळेल. ती खरी की खोटी, ते नाही.

---

चंचुपात्र

दोघांचेही आभार. घाईत जेवढं झालं तेवढं सांगतो. ०.०१% ट्रायटनने आयसी५० ६ वरून २१ वर गेला, उतार १.४ वर आला. प्रकाशाचा गुणक १०० मायक्रोग्रॅमला ०.५५, २५ ला ०.८७. कॅटलेज अजून आलेलं नाही.

म्हणजे सगळंच खोटं नाही ना? आणखी एक: आमच्या एमप्रोला एन-टोकाला हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली हिस्टिडिनांची शेपटी) आहे, तो काढलेला नाही. त्याने फरक पडतो का?

---

विकरवाला

पडतो, आणि बराच. एमप्रो जोडीनेच काम करतं. एका साखळीचं एन-टोक दुसरीच्या क्रियास्थानाजवळ जाऊन टेकतं आणि तिथली खाच आकारात ठेवतं. पहिल्या सेरीनच्या आधी टॅगचे अवशेष लटकत असतील तर जोडी नीट जमत नाही, क्रिया खूप घटते. मग तुम्ही ती भरून काढायला एन्झाइम वाढवता. तुमच्या २०० नॅनोमोलरचं मूळ बहुधा इथे आहे. प्लाझ्मिड असं घ्या की एन-बाजूला एमप्रो स्वतःच्याच कापण्याच्या जागेवर स्वतःला सोडवून घेतं आणि हिस-टॅग सी-टोकाला असतो, तो नंतर एचआरव्ही ३सी प्रोटीएजने काढता येतो. ५० नॅनोमोलरला स्वच्छ सरळ वेग मिळाला पाहिजे.

२१ बद्दल: सगळं खोटं नाही, असं आत्ता म्हणता येईल. ५० आणि १०० च्या मात्रा सोडून, गुणक लावून वक्र परत बसवा. उरलेला रोध उलटतो का ते बघा. एन्झाइम शंभरपट गाढं आणि अर्क आयसी५० च्या दहापट, अर्धा तास एकत्र, मग सबस्ट्रेटमध्ये एकदम शंभरपट विरळ करा. उलटणारा असेल तर वेग ९०% च्या आसपास परत येतो. नाही आला तर एक तर पक्का बंध झालाय किंवा एन्झाइम मोडलंय. या दोन्हींतला फरक मास स्पेक्ट्रोमीटरवर अखंड प्रथिनाचं वजन करून कळतो.

चांगला पुरावा कसा दिसतो त्याचं उदाहरण हवं असेल तर बायकॅलेइन बघा. आयसी५० ०.९४ मायक्रोमोलर, आणि एमप्रोबरोबरची स्फटिकरचना ६एम२एन जाहीर आहे. रेणू खाचेत कुठे बसलाय ते दिसतं. आपल्या दशमुळातल्या टेटूच्या सालीत बायकॅलेइन असतं. ९५५ डाल्टनच्या टॅनिनपेक्षा २७० डाल्टनच्या त्या रेणूवर रसायनशास्त्राला काहीतरी करता येतं, हे माझं मत. हिरडावाल्यांनी राग मानू नये.

---

सह्यवेली

हिरडावाली आहे, राग नाही. पण तुमच्या कच्च्या मालाबद्दल कुणी विचारलंच नाही.

'बाळहिरडा' हा बाजारातला प्रकार आहे, वनस्पती एकच. कोवळं, आठळी न धरलेलं फळ वाळवलं की बाळहिरडा, अर्धवट वाढलेलं ते चांभारी, पूर्ण पिकलेलं ते सुरवारी. टॅनिनचं प्रमाण आणि चेब्युलॅजिक, चेब्युलिनिक, गॅलिक यांचं आपसातलं गुणोत्तर फळाच्या वाढीबरोबर बदलतं. जुन्नर-आंबेगावकडचा माल व्यापाऱ्याकडून घेतला असेल तर एका पोत्यात दोन हंगाम असू शकतात. म्हणून: झाडावरून फांदी-पानांसकट नमुना घ्या, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाकडून ओळख पक्की करून नोंदणी क्रमांक मिळवा, आणि प्रत्येक खेपेचा एचपीएलसी आलेख काढा. चेब्युलॅजिक आम्ल किती टक्के हे न लिहिता 'मायक्रोग्रॅम/मिली' लिहिलं तर दुसऱ्याला तो प्रयोग परत करता येणार नाही.

तुमचा ॲसिटोनचा अर्क आणि घरचा काढा ही दोन वेगळी द्रव्यं आहेत, हे निबंधात स्पष्ट लिहा. उकळल्यावर ही एस्टर तुटतात, गॅलिक आणि एलॅजिक वाढतं. एलॅजिक थंड झाल्यावर तळाशी बसतं. डीएमएसओचा साठाही लहान कुप्यांत, −२० ला, अंधारात ठेवा. सारखा गोठवून-वितळवून वापरला तर महिन्याभराने आलेख वेगळा येतो आणि आयसी५० 'हलतो'.

पेटंटचा विचार असेल तर जैवविविधता कायदा, २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती आधी वाचा. परदेशी सहकाऱ्याकडे फळं किंवा अर्क पाठवण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे विचारणा करा. पाठवल्यावर नव्हे.

---

पेशीकेंद्र

स्यूडोव्हायरसचा प्रश्न राहिला. उत्तर: नको.

स्यूडोव्हायरसला फक्त काटेप्रथिनाचा (स्पाइकचा) कोट असतो, आतला सांगाडा दुसऱ्याच विषाणूचा. एमप्रो त्यात नसतंच. तिथे रोध दिसला तर तो प्रवेशाचा. आणि हिरड्याचं टॅनिन प्रवेश रोखणार यात आश्चर्य काय? ते काट्यालाही चिकटेल. म्हणजे तुम्हाला सुंदर आलेख मिळेल आणि शीर्षकाशी त्याचा काही संबंध नसेल.

तुमच्या दाव्याचा निकाल लावणारा प्रयोग म्हणजे औषध कधी टाकलं त्यावर परिणाम कसा बदलतो ते पाहणं. सार्स-कोव्ह-२ चा जिवंत विषाणू वाढवायला बीएसएल-३ (जैवसुरक्षा स्तर ३ ची प्रयोगशाळा) लागते. ती नसेल तर एचकोव्ह-२२९ई हा सर्दीचा कोरोनाविषाणू बीएसएल-२ मध्ये चालतो, एचयूएच-७ पेशींवर, ३३ अंशांना. चार गट करा: (अ) विषाणू आणि अर्क तासभर एकत्र, मग विरळ करून पेशींवर, (ब) अर्क फक्त चिकटण्याच्या एका तासात, मग दोनदा धुणं, (क) विषाणू आत गेल्यावर, दोन तासांनी अर्क, (ड) पूर्ण वेळ. पेशीमागे एक विषाणू या प्रमाणात संसर्ग, १०–१२ तासांनी आरएनए मोजा. प्रोटीएजचा नियंत्रक निरमॅट्रेल्विर किंवा जीसी३७६, प्रवेशाचा ई-६४डी. प्रोटीएज रोधक 'क' मध्ये चाललाच पाहिजे. अर्क अ आणि ब मध्ये जोरदार आणि क मध्ये शून्य निघाला, तर पेशीत एमप्रोपर्यंत तो पोचतच नाही. डझनभर हायड्रॉक्सिल असलेला ९५५ चा रेणू पटलातून सहज जाईल असं वाटत नाही. आणि २२९ई चं एमप्रो वेगळं आहे, त्याचा शुद्ध एन्झाइमवरचा आयसी५० वेगळा काढावा लागेल.

उलटा गोंधळही होतो. ओल्या किराईतातलं अँड्रोग्राफोलाइड शुद्ध एमप्रोवर सुमारे १५ मायक्रोमोलरला चालतं, पण कॅल्यू-३ या फुप्फुसाच्या पेशींत ०.०३४ मायक्रोमोलरला विषाणू निम्मा होतो. चारशेपट फरक. पेशीत प्रभाव आहे म्हणून तो प्रोटीएजमुळेच, असं म्हणता येत नाही. पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेवर काहीतरी चाललेलं असतं.

विषारीपणासाठी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) वापरू नका. पॉलिफेनॉल एमटीटीला स्वतःच जांभळं करतात, मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. एटीपीवर आधारित प्रकाशचाचणी घ्या आणि पेशींशिवाय नुसता अर्क असलेली रांग ठेवा. सीसी५० (निम्म्या पेशी मारणारी मात्रा) आणि ईसी५० (विषाणू निम्मा करणारी मात्रा) यांचं गुणोत्तर १० च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका.

---

ताकभात

जरा आडवा प्रश्न. कारल्याच्या बिया, सोयाबीन, हरभरा यांत 'प्रोटीएज इन्हिबिटर' असतात असं वाचलंय. त्यांनी एमप्रो बंद होईल का? आणि हिरडा खाऊन काही होतं का?

---

विकरवाला

नाव एकच, मंडळी वेगळी. ही झाडांची प्रथिनं आहेत, किडीचं पचन बिघडवायला. सोयाबीनचा कुनिट्झ रोधक सुमारे २० किलोडाल्टनचा, बोमन-बर्क ८ किलोडाल्टनचा, सात डायसल्फाइड बंधांचा. कारल्याच्या बियांतले तर तीसेक अमिनो आम्लांचे. हे सगळे ट्रिप्सिनसारख्या सेरीन प्रोटीएजच्या तोंडात अडकतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतल्या अशा रोधकांवर घाटेअळीच्या संदर्भात बरंच काम झालंय. एमप्रोची घडी कायमोट्रिप्सिनसारखी दिसते हे खरं, पण ते सिस्टीन प्रोटीएज आहे आणि ग्लुटामिननंतर कापतं. हे रोधक तिथे बसत नाहीत. त्यांना काही वाव असेल तर पेशीबाहेरच्या टीएमपीआरएसएस२ सारख्या आपल्याच सेरीन प्रोटीएजवर, जी काटेप्रथिन कापून विषाणूला आत घेते. डेंगीचं एनएस२बी-एनएस३ सेरीनवालं आहे, एचआयव्हीचं अस्पार्टिक. 'प्रोटीएज रोधक' एवढ्यावरून एकाचं औषध दुसऱ्याला लावता येत नाही.

पपई, अननस, अंजीर यांच्या ताज्या अर्कात तर रोधक नव्हे, प्रोटीएजच असतं. पपईच्या पानांचा रस या चाचणीत टाकला तर पपेन तुमचं पेप्टाइड स्वतःच कापतं आणि रोध उणे येतो. अशा अर्कांची चाचणी ३ किलोडाल्टनच्या गाळणीतून खाली आलेल्या भागावर करायची, आणि एन्झाइमशिवायची रांग ठेवायची.

खाण्याबद्दल: रक्तात किती पोचतं ते बघा. कर्क्युमिन दिवसाला ८ ग्रॅम देऊनही रक्तातली सरासरी कमाल १.७७ मायक्रोमोलर मिळाली. क्वेर्सेटिनची एमप्रोशी बांधणी ७ मायक्रोमोलरच्या घरात आहे आणि पोटातून गेल्यावर त्यातलं बहुतेक ग्लुक्युरोनाइड-सल्फेट होऊन फिरतं. हिरड्याची टॅनिनं तर आतड्यातले जीवाणू युरोलिथिनमध्ये बदलतात, अखंड चेब्युलॅजिक आम्ल फुप्फुसात जात नाही. पोट साफ व्हायला हिरडा घ्या. विषाणूसाठी घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यासाठी थांबवू तर नकाच.

---

दुर्बीण

चंचुपात्र, कॅटलेज आलं की वापरण्याआधी थेंबभर पेरॉक्साइडवर टाकून बुडबुडे येतात का बघा. वाटेत गरम झालेली कुपी निर्जीव असते, आणि मग 'कॅटलेजने फरक पडला नाही' असं वहीत लिहून तुम्ही मोकळे व्हाल. उकळून निष्क्रिय केलेल्या कॅटलेजची एक रांगही ठेवा. नाहीतर बीएसएसारखं टॅनिन शोषून घेण्याचं श्रेय पेरॉक्साइड काढण्याला जाईल.